कोनाडा नीट करा

ओल्या सिमेंटचा वास आला की मला आमच्या नाशिकरोडच्या जुन्या घरातला कोनाडा आठवतो. मामंजींना दिसत नसे. भिंतीवरून हात सरकवत ते कोनाड्यापर्यंत यायचे आणि तिथून न्हाणीघराकडे वळायचे. कोनाड्याच्या कडा ढासळल्या होत्या, म्हणून गवंड्याला म्हटलं, "दादा, एवढा कोनाडा नीट करा," आणि बाजारात गेले. परत येते तर भिंत सपाट, ओल्या गिलाव्यावर हाताच्या पंजांचे ठसे, आणि मामंजी तिथेच उभे. "सूनबाई, हे आपलंच घर ना गं?" गवंडी म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना ताई, नीट करा." कोनाडा पुन्हा खोदून घेतला, पण मामंजी कुणी हात धरल्याशिवाय परत कधी उठले नाहीत. आता मुलगा म्हणतो, आई, घर नीट करून घेऊ. मी विचारते, नीट म्हणजे काय रे?