बाथरूममधला बँड

इतकी वर्षं हे सांगायचं टाळलं. आमच्या वरच्या मजल्यावरचा विलास आणि त्याचे दोन मित्र बाथरूममध्ये आवाज घुमतो म्हणून तिथंच आपली रॉक गाणी टेप करत. त्यांची एकुलती कॅसेट त्यानं मला ऐकायला दिली. गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून त्यांनी कॅसेटच्या कडेची पट्टी मोडली होती; पुन्हा टेप करता यावं म्हणून त्या खाचेवर मी चिकटपट्टी लावली, न ऐकताच एका बाजूवर रेडिओवरचं नाट्यसंगीत भरलं आणि त्याला "हरवली" म्हणालो.

परवा नातीनं त्याच कॅसेटची दुसरी बाजू लावली. खरखर, मध्येच कुकरची शिट्टी आणि तरी ताल न सोडणारी ती पोरं!

"आजोबा, कोण हे? कसले भारी आहेत!" म्हणत ती नाचू लागली. मीही नाचलो. आनंद किती चिवट असतो!

लगेच विलासला फोन लावला.

"काय काका, आज कशी आठवण?"

"चुकलो रे" म्हणायचं होतं. म्हणालो, "सहजच."