जावयांची जोडी आणि पहिल्या रांगेतली खुर्ची

हे आणि माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, म्हणजे भावजी, कुवेतला शुवैखच्या एका गॅरेजात कामाला होते आणि शुक्रवारी जोडीने कुस्ती खेळायचे. आपली मातीतली कुस्ती नव्हे, दोरीच्या रिंगणातली, तिकीट लावून दाखवायची. एक जण आत लढतो, दुसरा दोरीबाहेर उभा राहतो. आतला दमला की त्याने बाहेरच्याच्या हाताला हात लावायचा, मग बाहेरचा आत जातो. परदेशातून मोठे पहिलवान यायचे. लोक त्यांना जिंकताना बघायला येत, म्हणजे कुणीतरी हरायला हवं. ते काम आमच्या घरात होतं. अख्ख्या कुवेतमध्ये यांच्याइतकं छान कुणी पडत नसे.

गावाकडे मात्र दोघे चॅम्पियन होते, कारण फोटोत त्यांच्या कमरेला पट्टा होता. पट्टा कुस्त्या भरवणाऱ्या कंत्राटदाराचा, फोटोपुरता दिलेला.

मग अब्बा आगबोटीने आम्हा बहिणींना भेटायला आले आणि म्हणाले, "जावयांची कुस्ती बघायचीय."

कंत्राटदाराने तेवढ्यातच बजावलं होतं की ठरल्याप्रमाणे हरला नाहीत तर दुसरी जोडी तयार आहे. हरण्याची यांना काळजी नव्हती. "अब्बांसमोर चड्डीवर कसा जाऊ?" एवढंच धरून बसले होते. आमच्यात जावई सासऱ्यापुढे उघड्या डोक्यानेही बसत नाही. मी दोघांना हिरव्या साटीनच्या लांब विजारी शिवल्या. बहिणीने टोप्यांना इलॅस्टिक लावलं.

कुस्ती फहाहीलला होती. बायकांसाठी मागे चादर बांधली होती, तिच्या फटीतून आम्ही बघत होतो. अब्बांची खुर्ची पहिल्या रांगेत. दोघांनी आधी जाऊन त्यांना सलाम केला, चहा घेतलात का विचारलं. तोवर समोरचे दोन गोरे पहिलवान छाती फुगवून ताटकळले.

हे आत गेले ते अब्बांकडे पाठ होऊ न देता, खेकड्यासारखे आडवे आडवे चालत. गोऱ्याला वाटलं, नवा डाव आहे. थोड्या वेळाने यांनी दोरीबाहेर हात लांब केला. भावजी पोटावर हात बांधून अदबीने उभे. पुढे घरी भांडताना कळलं, तेव्हा काय बोलणं झालं ते.

"भाई, हात द्या."

"अब्बा बघतायत. हात कसे सोडू?"

शेवटी गोऱ्याने ठरल्याप्रमाणे यांना डोक्यावर उचललं. पण तसं टाकलं तर यांचे तळपाय थेट अब्बांच्या तोंडाकडे येणार होते. ते यांच्या हवेत असतानाच ध्यानात आलं. यांनी अंगाला असा पीळ दिला की गोरा धाडकन पाठीवर आपटला आणि हे त्याच्या छातीवर. उठायचं तर अब्बांकडे पाठ होणार, म्हणून तसेच पडून राहिले. पंचाने तीनपर्यंत मोजलं आणि आमची जोडी जिंकली.

कंत्राटदाराने टाळ्या वाजवल्या नाहीत. विजारी बदलायच्या आत सांगून टाकलं की आता येऊ नका.

घरी अब्बा जेवत होते. यांना राहवेना. "अब्बा, कशी वाटली कुस्ती?"

"जिंकण्याचं काय, तुम्ही दर शुक्रवारी जिंकताच," अब्बा म्हणाले. "टोपी पडू दिली नाहीत, ते आवडलं. पुढच्या शुक्रवारी परत नेणार ना?"

भावजींनी घाईघाईने अब्बांना आणखी भात वाढला.