फोटोत मासा कोणी धरायचा?

परवा आमची देवपूरची गँग मासे धरायला तापीवर गेली होती. गँग म्हणजे पप्पा, त्यांचे रिटायर्ड मित्र, आई आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेली मी...

या गँगचा एक अजब रिवाज आहे. मासा कोणाच्याही गळाला लागो, फोटोत तो धरणार नानाच! नाना वयाने सगळ्यांत मोठे, त्यात पप्पांचे जुने साहेब... बोलायची सोयच नाही. आमचे अल्बम बघणाऱ्याला वाटेल, बाकीचे सगळे नुसते भरीत-भाकरी खायला येतात.

त्या दिवशी सगळे आपले पाण्याकडे बघत बसलेले. आई जरा लांब, बाभळीखाली, गळाला कणकेची गोळी लावून बसली होती. एकदम तिची काठी वाकली... अहो, केवढा रोहू! पदर खोचला, चिखलात घसरली, पण बाईने काठी सोडली नाही. मदतीला धावलेल्या पप्पांनाच दटावलं.

मासा काठावर आला आणि पप्पांनी सवयीने तो उचलून नानांच्या हातात दिला. सगळे ओळीत उभे राहिले. आई बाजूला होऊन पदराला हात पुसत होती.

माझं डोकंच सणकलं. कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि म्हटलं, "नाना, आज जिने धरला तिचाच फोटो निघेल."

पप्पांनी डोळे वटारले. मला वाटलं, आता आईच "राहू दे गं" म्हणणार आणि मी तोंडावर आपटणार...

पण आई पुढे आली, दोन्ही हात पुढे केले आणि थेट अहिराणीत म्हणाली, "नाना, हाऊ मासा मी धरेल शे. द्या आठे."

नाना खो खो हसले. "घ्या वहिनी, तुमचाच आहे!"

ऊन आईच्या पाठीमागून येत होतं, चेहरा काळा पडत होता. मग नानांनाच त्यांचा पांढरा टॉवेल समोर ताणून धरायला लावला, म्हणजे उजेड तोंडावर येतो. बिचारे हात दुखेपर्यंत उभे राहिले. मी चिखलात गुडघे टेकले आणि आईला बजावलं, केस सारखे करायचे नाहीत, चिखल पुसायचा नाही.

इतकी वर्षं फोटो काढतेय, पण असा एकही निघाला नव्हता. लग्नकार्यातल्या फोटोंत आई कायम कोणाच्या तरी खांद्यामागे, अर्धीच दिसते... इथे पूर्ण आहे. दात दाखवून हसतेय!

बघा नीट. ही माझी आई. मासा तिनेच धरलाय.