ठिपक्यांची रेघ

माझी अक्षरओळख पत्रकांवर झाली. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत सभांची, संपाची, जयंतीची पत्रकं भरलेली असत. ‘जाहीर’ आणि ‘धिक्कार’ हे शब्द मला ‘बदक’च्या आधी वाचता येत होते. पत्रकं एकाच बाजूनं छापलेली असत. कोरी बाजू माझी. तिच्यावर आम्ही भुलभुलैया खेळायचो.

आम्ही चंद्रपूरजवळ कोळसा खाणीच्या वस्तीत राहायचो. शेजारचे काका बाबांचे खाणीतले जोडीदार. सकाळची पाळी करून आले, आंघोळ झाली, की ते आमच्या ओट्यावर येऊन बसत. एका कागदावर चौकटी आखून त्यात भिंती काढत आणि काकूंचं सूप आडवं धरून कागद लपवत. माझ्या कागदावर नुसत्या रिकाम्या चौकटी. मी विचारत जायचं, ते सांगतील तसा नकाशा काढायचा आणि बाहेरची वाट शोधायची.

“उजवीकडे एक घर.”

“ये.”

“वर एक.”

“धाड! फुटलं डोस्कं. माघारी हो.”

मधेच ते डोळे बारीक करून सांगत, “तिकडं वाट हाय म्हणते बा कोणीतरी.” ही अफवा कधी खरी निघे, कधी खोटी. तिच्यासाठी त्यांचा कायदा होता. “हात लागला तं रेघ. ऐकलं तं ठिपके. ठिपक्यावर पाय देशीन तं मोजून दे.”

शेजारच्या घरातून काकू ओरडत, “माह्यं सूप द्या आधी! तांदूळ पाखडाचे हायेत का खेळच करून राह्यले तुमी?”

काका म्हणत, “थांब ना वं, पोरगी खाणीत अडकली हाय.”

पुढे कळलं की त्यांच्या चौकटी खाणीच्याच होत्या. कोळसा काढताना छत पेलायला कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. त्यांना सगळे पिल्लर म्हणत. पिल्लरांच्या मधून गल्ल्या. खाली उतरायला बायकांना बंदी, म्हणून मी ती खाण कधी पाहिली नाही. सुपामागून ऐकली, तेवढीच.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी एका सकाळी खाणीत पाणी फुटलं. शेजारी जुन्या मालकाच्या काळातली एक बंद खाण होती, पाण्यानं भरलेली. मधली कोळशाची भिंत फुटली आणि ते पाणी आमच्या खाणीत आलं. बाबा आणि बाकीचे पळत वर आले. काका सगळ्यांत पुढे, खोदकामाच्या तोंडाशी होते. अकराव्या दिवशी पाणी उपसल्यावर ते सापडले, पाण्यानं वाहत नेलेले, तीन गल्ल्या मागे. मी त्यांचा चेहरा पाहिला नाही. बाबांनी पाहू दिला नाही.

व्यवस्थापनानं चौकशीआधीच निकाल सांगितला होता. त्यांच्या नकाशाप्रमाणे जुनी खाण बरीच आधीच संपत होती आणि मध्ये जाड भिंत सोडलेली होती. म्हणजे भिंत फुटली ती काकांनी हद्द ओलांडून खोदलं म्हणून. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मला अजूनही त्याचा संताप येतो. ज्या माणसानं लहान मुलीलाही ठिपक्यावर मोजून पाय द्यायला शिकवलं, तो पाण्याकडे बेधडक खोदत गेला म्हणे!

काकू रडत नव्हत्या. एकच म्हणत होत्या, “गेले तं गेले. पन त्यायच्या चुकीनं गेले, असं लिहू देऊ नोका.”

जुनी खाण खरी कुठवर गेली होती, हे तिच्यात काम केलेल्यांनाच माहीत. असे सात म्हातारे मी शोधून काढले. कोणी वस्तीत होते, कोणी गावाकडे परतलेले. प्रत्येकापुढे रिकाम्या चौकटींचा कागद ठेवून मी काकांचाच खेळ मांडला. खाली उतरल्यावर कुठे वळलात? किती पिल्लर सोडून? हाताला काय लागलं? एकाचं दुसऱ्याशी जुळेपर्यंत रेघ मारली नाही. शेवटी जुळलं. जुनी खाण साहेबांच्या नकाशापेक्षा एक पिल्लर पुढे आली होती. दोघांनी तिथं स्वतः कोळसा भरला होता.

पण काकांना खोदायला नेमून दिलेली जागा आणखी दोन पिल्लर पुढे होती. तिथवरचं कोणालाच माहीत नव्हतं. शेवटचा म्हातारा गोंडपिपरीकडच्या एका गावात होता. एसटीनं गेले. तो मोहाच्या झाडाखाली बाज टाकून पडला होता, खोकत.

“आबाजी, याच्या पुढं गल्ली होती का?”

“होती म्हनते.” त्यानं कागदावर बोट फिरवलं. “दोन पिल्लर आनखी. माहा मेव्हणा सांगे. म्या नाई गेलो, बाई. ऐकीव हाय.”

मी ठिपके काढले. दोन पिल्लरांचे ठिपके, बरोबर काकांच्या जागेपर्यंत जाणारे. परतीच्या एसटीत मी तो कागद छातीशी धरून बसले होते.

चौकशीच्या आदल्या दिवशी बाबांच्या संघटनेनं पत्रक काढायचं ठरवलं. छपाईच्या स्टेन्सिलचा मेणकागद मीच कोरायला घेतला, कारण अक्षर माझं चांगलं. बाबा पाळीवर होते. मजकूर लिहून झाला, खाली नकाशा काढला आणि शेवटच्या दोन पिल्लरांशी हात थांबला. पत्रकात ‘बहुधा’ हा शब्द मी कधी वाचला नव्हता. ठिपके पाहून लोक म्हणतील, यांनाच खात्री नाही. आणि मला तर खात्री होती. काकांवर होती. मी लोखंडी लेखणीचं टोक दाबून सरळ रेघ ओढली. मेणकागदावर ती पांढरी, स्वच्छ उमटली. खाली लिहिलं, ‘हा पाहा खरा नकाशा!’

दुसऱ्या दिवशी खाणीच्या विश्रामगृहात चौकशी झाली. आमच्या बाजूनं तेच पत्रक पुढे ठेवलं गेलं, साक्षीला सातही म्हातारे आणले होते. अधिकारी तरुण होता, चष्मा पुसून त्यानं नकाशा नीट पाहिला. मला वाटलं, जिंकलो. मग शेवटची गल्ली कोणी सांगितली ते विचारून त्यानं आबाजीला पुढे बोलावलं.

“ही शेवटची गल्ली तुम्ही सांगितली?”

“हो जी.”

“तुम्ही तिथं गेला होता?”

आबाजीनं माझ्याकडे पाहिलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. “नाई जी. ऐकीव होतं. म्या पोरीले तसंच सांगतलं.”

“मग इथं तसं का दिसत नाही? बाकीच्या रेघाही अशाच ऐकीव आहेत का?”

“नाई साहेब, त्या तं—”

“बसा.”

बाकीचे सहा जण बाहेर व्हरांड्यात उभे होते. त्यांना बोलावलंच नाही. व्यवस्थापनाचा माणूस हसला नाही, त्याला गरजच नव्हती. अधिकाऱ्यानं पत्रकाची घडी करून बाजूला ठेवली.

घरी आल्यावर बाबांनी माझा मूळ कागद मागितला. बराच वेळ तो उजेडाकडे धरून पाहिला.

“याच्यात तं ठिपके हायेत.”

“हो.”

“एक पिल्लर पक्का होता. त्यायचा नकाशा चुकला, हे तेवढ्यानंच दिसत होतं. परत मोजा म्हनता आलं असतं.” मग हळू आवाजात, “हे काऊन नाई नेलं?”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

काही महिन्यांनी अहवाल आला. मृतानं हद्द ओलांडून खोदकाम केलं, असं त्यात लिहिलं होतं. खाणीचा तो भाग विटांनी बंद केला आहे. ती दोन पिल्लरांची रेघ खरी होती की खोटी, हे आता कोणालाच कळणार नाही. व्यवस्थापनाला मी माफ केलेलं नाही. पण त्यांना चुकीचा नकाशा लपवायला जी फट हवी होती ती मी माझ्या हातानं, टोक दाबून, कोरून दिली.

अहवालाच्या दुसऱ्या दिवशी काकू आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

“तू तं खाणीचा सारा नकाशा काढला. सांग मले, यायनं हद्द ओलांडली होती का?”

जन्मभर वाचलेली सगळी पत्रकं माझ्या तोंडात ‘नाही’ घालत होती. मोठ्यानं, उद्गारचिन्हासकट.

“मला माहीत नाही, काकू,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यांचं सूप आमच्या ओट्याच्या खुंटीवर होतं, काका गेल्यापासून तसंच. त्यांनी ते उतरवलं, पदरानं त्यावरची कोळशाची धूळ पुसली आणि घेऊन गेल्या.