भेगेवरची काच

चष्मेवाल्यांना घरदुरुस्तीचा नाद होता. इतरांची नादापायी स्वतःची तब्येत बिघडते, यांच्या नादानं घराची बिघडायची. दीडशे वर्षांचं दगड-चुन्याचं घर त्यांनी हौसेनं घेतलं आणि त्यानंतरचे सगळे रविवार शिडीवर घालवले. जिना कुरकुरत होता. त्यांनी दुरुस्त केल्यावर तो बोंबलू लागला. मेहुणा आला की दारातूनच विचारायचा, "दाजी, आज आत कुठून यायचं?" बायको पदरात तोंड लपवून हसायची. हसण्यासारखं होतं तोवर ती हसली.

दोन वर्षांपूर्वी मागच्या भिंतीचा चुना भुरभुरायला लागला म्हणून चष्मेवाल्यांनी तिला सिमेंटचा गिलावा केला. लेक घमेली भरून देई, बायको पाणी मारी. भिंत अशी गुळगुळीत झाली की तिच्यापुढे उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. पण चुन्याची भिंत ओल बाहेर टाकत जगते. सिमेंटनं तिचं नाकतोंडच दाबलं. आतला चुना भिजून लगदा झाला आणि एके दिवशी वरपासून खालपर्यंत भेग दिसली.

इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी भेगेवर काचेची एक अरुंद पट्टी आडवी पक्की केली. काच तडकली तर भिंत सरकतेय असं समजायचं, त्याच दिवशी घर सोडायचं आणि मला फोन करायचा, असं बजावलं. तोवर सिमेंट उतरवा म्हणाल्या, पण अगदी हळू.

पाच आठवडे तिघं छिन्नीनं टवके काढत होते. हातोड्याला फडकं बांधलं होतं. प्रत्येक ठोक्यानंतर चष्मेवाले आधी काचेकडे बघत, मग श्वास घेत. टवक्यामागचा दगड हाताला साबणासारखा लागे. चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचायला सांगून ते भलतीकडेच बघत राहत. हे घर गेलं तर दुसरं घ्यायची ऐपत नव्हती, आणि ते कुणामुळे जातंय हे घरात कुणी बोलत नव्हतं. त्याचाच त्यांना जास्त त्रास होई.

छत्तिसाव्या दिवशी सकाळी काचेवर केसाएवढी रेघ होती.

चष्मेवाले दुकानात गेले. तसलीच पट्टी कापायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत. परत येऊन ते जुनी पट्टी उचकटणार, तोच मागे बायको उभी.

ती ओरडली नाही. "बसवा," म्हणाली. "मग आज या भिंतीपाशी कोण झोपणार, तेही तुम्हीच ठरवा."

पलीकडच्या खोलीत लेकीची गादी याच भिंतीला लागून होती. चष्मेवाल्यांनी नवी पट्टी खाली ठेवली. म्हणाले, "गिलावा मी केला."

"पाणी मी मारलं होतं," बायको म्हणाली आणि तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

चष्मेवाल्यांनी इंजिनिअर बाईंना फोन लावला. भिंत उतरवून पुन्हा रचता येईल का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, ते नंतर बघू, आधी माणसं बाहेर काढा.

मेहुणा टेम्पो घेऊन आला आणि सरळ आत येऊन भांडी उचलू लागला. चष्मेवाले लेकीची गादी गुंडाळत होते. भिंतीकडची बाजू हाताला ओली लागली. किती दिवस ओली होती, हे लेकीनं सांगितलं नाही आणि विचारायचं त्यांना धाडस झालं नाही.