धोंड्याच्या दिवशीची मालिका

रविवारी दुपारी ती मालिका लागायची. मूळची परदेशातली, पण बोलणं हिंदीत केलेलं. एका मोठ्या शहरात प्रत्येक खांबावर कॅमेरा, आणि पोलिसांच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर. तो सगळ्यांकडे बघत राहतो. कोण कुठे गेलं, काय विकत घेतलं, कोणाशी भांडलं, हे जुळवून तो सांगतो की हा माणूस आता कोणाचा तरी जीव घेणार. मग त्या माणसाच्या चेहऱ्याभोवती लाल गोल येतो आणि पोलीस धावत सुटतात. पडद्यावर मधेच खाली काही लिहून यायचं. माझी शाळा चौथीपर्यंतची, मी वाचून पुरं करायच्या आत ते निघून जायचं. पण गोष्ट कळायची.

आमचे हे वारज्यातल्या एका मोठ्या सोसायटीत गेटवर असतात. तिथल्या केबिनमध्ये कॅमेऱ्यांचा पडदा आहे, त्याच्यासमोर बसायचं काम. सुट्टी रविवारी. मी म्हणायचे, "अहो, आठवडाभर तेच बघता, घरी पण तेच?"

"तिथं काय दिसतं? कुरिअरवाले आणि कुत्री. इथं खून होतात."

"होतात कुठे? आधीच पकडतात की."

"तेच तर बघायचं असतं!"

पुढे पुढे ह्यांना नादच लागला. भाजीवाल्यानं वजनावरून आवाज चढवला की हे मला हळूच सांगायचे, "आला बघ गोल." शेजारच्या वहिनी एकदा चेष्टेनं म्हणाल्या, "काय हो भाऊजी, माझ्याभोवती कधी येणार गोल?" हे म्हणाले, "तुमच्याभोवती नाही यायचा वहिनी. तुमचं ऐकून ऐकून तुमच्या मालकांभोवती येईल." वहिनी हसल्या, मीही हसले.

मी फारशी बोलत नाही. घरात बोलते, पण चार माणसं आली की तोंड उघडत नाही. मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही बैठकीत सगळं हेच बोलले. मी चहा दिला आणि दाराआड उभी राहिले. मुलगी लोणी काळभोरला दिली. जावयांचं मोबाईल आणि कॅमेऱ्यांचं दुकान आहे, घर स्वतःचं आहे, सासू एकटी.

यंदा धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येतो आणि त्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं, अनारसे द्यायचे, हा मान चुकवून चालत नाही. ह्यांनी नेमका रविवार ठरवला. मी तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून पीठ केलं. पहिले चार अनारसे तुपात हसले, म्हणजे जाळी न पडता पसरून फुटले. मग पीठ सारखं केल्यावर छान झाले. मला वाटत होतं, लेकीनं येऊन खसखस लावायला बसावं, पूर्वी बसायची तशी.

ते दोघं गाडीवरून आले. मी पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. लेक वाळली होती. मी विचारलं तर म्हणाली, "ऊन लागतंय गं."

जेवायला पुरणाचे धोंडे केले होते. जावई आणि हे टीव्हीसमोर बसले. मालिका चालू होतीच. हे आनंदात होते, कारण जावयांनाही कॅमेऱ्यातलं कळतं.

"खरंच असलं मशीन निघालंय का हो पाहुणे?"

"निघंल की मामा. आत्ताच बघा ना, आपल्या घरात कॅमेरे बसवलेत मी. हितं बसून दिसतंय." त्यांनी मोबाईल काढून ह्यांना दाखवला. "ही आई झोपलीय. हे अंगण. आन हा सैपाकाचा ओटा."

"ओटा?" मी आतून विचारलं. एवढं एक तोंडातून गेलं.

"हां मामी. दुकानातनं बघतो मी. ह्यात बोलताबी येतंय. हिला तिथनंच सांगतो, गॅस बारीक कर, दूध चाललंय वर." ते हसले. "दचकती पार."

हेही हसले. "म्हणजे तुमच्या हातून दूध वाया जात नाही तर!"

त्यांनी मोबाईल मलाही दाखवला. लेकीचा ओटा दिसत होता, पुसलेला, रिकामा. मिसळणाचा डबा जागेवर. मी लेकीकडे पाहिलं. ती खाली मान घालून वाटीत तूप घालत होती. तिनं त्या मोबाईलकडे एकदाही पाहिलं नाही.

मग मालिकेत लाल गोल आला. हे म्हणाले, "बघा, बघा, आता हा." जावई पुढे सरकले आणि रिमोट घ्यायला त्यांनी हात उचलला. लेक त्यांच्या शेजारी पाणी वाढायला वाकली होती. हात वर झाला तशी तिनं मान खांद्यात घातली आणि कोपर कानावर धरला. तांब्या कलंडला. पाणी सगळीकडे झालं.

"दिसंना का तुला?" जावई हसतच म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ह्यांनी पाहिलं नव्हतं. ह्यांचे डोळे त्या गोलावर होते. मी फडकं आणून पाणी पुसलं. लेकही पुसायला बसली. तिच्या डाव्या हातात दोनच बांगड्या होत्या. मी हळू विचारलं, "बांगड्या?"

"कपडे धुताना फुटल्या."

"सगळ्या?"

ती उठली. फडकं पिळायला मोरीत गेली आणि तिथंच जरा जास्त वेळ थांबली.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात उभी होते तेवढा वेळ एकच विचार करत होते, की ही आता परत जाणार. चहा झाला की निघणार, गाडीवर मागे बसणार, आणि उद्या सकाळी त्या ओट्यापाशी उभी राहणार. अंगावर कुठे काही असेल तर ते मला पाहता आलं नव्हतं. माझ्यापाशी सांगण्यासारखं काय होतं? कोपर वर गेला, एवढंच. ते कोणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, पाणी सांडलं म्हणून दचकली.

चहा झाला. अनारशांचं ताट, दिवा, जावयांचे कपडे, सगळं रीतीप्रमाणे दिलं. जावई उठले. हे म्हणाले, "अगं, ओटी भर तिची. निघायचंय त्यांना."

लेक सासरी निघाली की ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ मी सकाळीच काढून ठेवले होते. ते ताट माझ्यासमोर होतं. मी हात लावला नाही.

"आज नाही भरायची," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"ती राहू दे इथे."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, काय बोलतेस? धोंड्याला आलेत पाहुणे!"

जावयांचा चेहरा बदलला. "मामी, असं कुठं असतंय व्हय? गावात काय सांगू मी? धोंडा खाल्ला आन बायको ठिवून आलो?"

मला पुढचं बोलता येईना. मी नुसती ताटापाशी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला त्याचीच सवय नाही.

"हिला विचारा," जावई म्हणाले. "चल गं."

लेकीच्या खांद्याला पिशवी होती. ती दाराजवळ गेलेली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. पिशवी खांद्यावरून काढून तिनं जमिनीवर ठेवली, आणि स्वतः तिच्या शेजारी बसली.

आता ह्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जावयांना म्हणाले, "पाहुणे, हडपसरला या वेळी ट्रॅफिकमध्ये फार अडकायला होतं. तुम्ही निघा. लवकर निघालेलं बरं."

"मामा, तुम्हीबी?"

"अनारसे विसरू नका," हे म्हणाले. आवाज अगदी साधा होता, गेटवर अनोळखी माणसाला परत पाठवताना असतो तसा.

जावई गेले. ओटीचं ताट तिथंच राहिलं. लेकीचा मोबाईल वाजायला लागला, ती घेईना. शेवटी ह्यांनी तो बंद केला आणि तिच्यासमोर खाली बसले. "सांग," म्हणाले. टीव्ही चालूच होता, ह्यांनी फक्त आवाज काढून टाकला. ती सांगायला लागली. मी आत पोळ्या लाटत सगळं ऐकत होते. बाहेर जाऊन बसावं असं वाटलं, पण मी आलेली पाहून ती थांबली असती. सगळं सांगून झाल्यावर तिनं धोंडे मागितले. दुपारी ती जेवलीच नव्हती.

लोणीहून दोनदा माणसं येऊन गेली. बोलणं अजून हेच करतात, मी चहा देते. चहा देऊन दाराआड जात नाही, लेकीच्या शेजारी बसते. माणसं गेली की हे मला विचारतात, पाठवायचं का? मी तिला विचारते. ती अजून नाही म्हणते.