आउडेग्राख्टच्या तळघरातला शेरा

मी ग्रंथालयात काम करणारी बाई. ज्या गोष्टीला तळटीप देता येत नाही, ती मी मानत नाही. अमानवीय अनुभव मी आवडीने वाचत आले, पण ते नेहमी कुणाच्या तरी मावसभावाच्या मित्राला आलेले असतात, अशी माझी समजूत होती. म्हणून हे सावकाश लिहितेय... मन अजून उड्या मारतंय, आणि घाईत पदरचं काही घातलं जाईल अशी भीती वाटते.

मी राहते ते डच गाव, युट्रेख्ट. गेल्या मे महिन्यातला शनिवार, सकाळचे साडेअकरा, लख्ख ऊन. पुण्याहून आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. एकटी.

खरं तर दोघं येणार होते. बाबांनी व्हिसाचे कागद जमवले होते, इथले व्हिडिओ बघून रस्ते पाठ केले होते. मीच म्हटलं, "बाबा, डोम टॉवरला वरपासून खालपर्यंत परांची बांधलीय. ती उतरली की या, नीट दिसेल." ते फोनवर फक्त "बरं" म्हणाले. आई येण्याच्या सव्वा वर्ष आधी, फेब्रुवारीत, त्यांचं हृदय थांबलं, तेव्हा मी पुण्याच्या विमानात होते. परांची त्यानंतर काही महिन्यांनी उतरली. त्या "बरं"मध्ये नाराजी होती का, हे आता कुणाला विचारणार?

तर त्या शनिवारी मी आईला टॉवर दाखवला. उंच, स्वच्छ, एकही बांबू नाही. समोर चर्च, आणि दोघांच्या मध्ये मोकळा चौक.

"हे दोघं असे लांब लांब का उभे? भांडण झालंय?"

"मधला भाग वादळात पडला, आई."

"मग बांधायचा ना परत. एवढी वर्षं काय करत होते?"

चर्चला लागून असलेल्या बागेत आईने प्रत्येक झाडाचं नाव विचारलं. मग आम्ही आउडेग्राख्टवर आलो. हा कालवा रस्त्याच्या एक मजला खाली आहे. दगडी पायऱ्या उतरलं की पाण्याला लागून फरसबंद वाट आणि ओळीने तळघरं. पूर्वी होड्यांमधला माल तिथे ठेवत, आता कॅफे आणि छोटी दुकानं आहेत. एका तळघरात हातछपाईचा कारखाना होता. दार उघडं होतं. आत शाईने माखलेला एप्रन घातलेले सत्तरीचे योहान. जुनं यंत्र चालवून त्यांनी आईच्या हातात ताजं छापलेलं कार्ड दिलं.

आई मला हळूच म्हणाली, "त्यांना विचार, अभिप्राय वही आहे का?"

हे बाबांचं. ते शाळा तपासणारे विस्तार अधिकारी होते. निवृत्तीनंतरही किल्ला असो, म्युझियम असो, हॉटेल असो, वही मागून शेरा लिहायचे. आणि सवयीने शेवटी "मुख्याध्यापकांचे अभिनंदन" असं लिहून टाकायचे! महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याला त्यावरून किती प्रश्न पडले होते...

"त्यांच्या वतीनं आज मी लिहिते," आई म्हणाली.

योहाननी जाड वही दिली. आई आधी लोकांचं वाचत बसली, म्हणजे मागची पानं उलटत बसली. आणि थांबली.

"अगं... हे मराठी आहे."

डच आणि इंग्रजी ओळींच्या मध्ये, निळ्या शाईत:

"आज भेट दिली. पायऱ्या स्वच्छ. पाणी शांत. टॉवरला परांची आहे, पण त्यामुळे काही अडत नाही. पाहून समाधान झाले. मुख्याध्यापकांचे अभिनंदन."

सही नव्हती. वरच्या आणि खालच्या नोंदीवर एकच तारीख होती — बाबा गेले ती.

मी मोठ्याने हसले. सव्वा वर्षात पहिल्यांदा. मी त्या पानाचा फोटो काढला. तो पुण्याला काकांना पाठवला, एक शब्दही न लिहिता. दोन मिनिटांत उत्तर आलं: "दादाचं अक्षर. कुठे सापडलं?"

योहानना सगळं सांगितलं. त्यांना असं कुणी आलेलं आठवत नव्हतं. फेब्रुवारीत क्वचितच कुणी पायऱ्या उतरतं, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पण हे मुख्याध्यापक कोण?"

"तुम्ही."

त्यांनी एप्रन सरळ केला.

तेव्हापासून मी बरेच तर्क केले. महाराष्ट्रातले दुसरे कुणी निवृत्त अधिकारी मुलाकडे आले असतील, त्यांचीही तीच सवय असेल, अक्षरही तसंच असेल. इथल्या मराठी ग्रुपवर विचारलं, कुणालाच माहीत नाही. बाबा त्या दिवशी पुण्यात अतिदक्षता विभागात होते, आई त्यांच्या शेजारी होती. यापुढे मला काही सुचत नाही. पण "काही अडत नाही" हे तीन शब्द मी रोज एकदा फोटोत बघते.

आईने मात्र त्या सकाळी एकही तर्क केला नाही. तिने योहानकडून पेन मागून घेतलं, त्या शेऱ्याशेजारच्या समासात जागा शोधली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं:

"मला न घेता आलात, हे बरोबर नाही. बाकी सर्व ठीक."